तुझ्या बाजूचा कोपरा

ताई,

तुझी ताडपत्री मधोमध लोंबली.

हे तुला सांगायला मी फोन काढला होता. खरंच काढला होता. तळ्याकाठी त्या दोन झाडांच्या मध्ये उभं राहून तुझं नाव उघडलं, आणि मग अंगठा तिथेच थांबला. माझ्या फोनमध्ये तू अजून 'ताई आखन' म्हणून आहेस. जणू दुसऱ्या कुठल्या गावात मला आणखी एक ताई आहे.

आजारपणाबद्दल मी लिहिणार नाही. शिक्षण, नोकरी, तेही नाही. ते सगळं मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलं. हुशार होती, हसतमुख होती, सगळ्यांना धरून होती. वाचताना मला वाटत होतं, ही कोण? तू काही हसतमुख वगैरे नव्हतीस. सकाळी चहाच्या आधी तुझ्याशी बोलायची कुणाची हिंमत नव्हती. आणि धरून होतीस म्हणजे काय, तू माणसांना कामाला लावायचीस. दोरीच्या एका टोकाला माणूस उभा करायचा आणि दुसऱ्या टोकाकडून हुकूम सोडायचे, ही तुझी माया करायची पद्धत. ते तिथे कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितो आहे, रोज थोडं. एका बैठकीत जमत नाही.

तुझं लग्न ठरलं तेव्हा आईला वाटलं होतं, जर्मन जावई म्हणजे डोंगर, सायकल, तंबू. आणि निघाले योर्गराव हॉटेलवाले. पाठीखाली गादी आणि सकाळी गरम ब्रेड नसेल तर त्या माणसाला सुट्टी ही सुट्टी वाटत नाही. तंबूचं वेड तुझं. नाशिकला डासांच्या भीतीने आपल्या घरात कुणी कधी गच्चीवरसुद्धा झोपलं नव्हतं, आणि तू आखनला शिकायला आलीस ती पहिल्याच उन्हाळ्यात जुन्या बाजारातून हिरवी ताडपत्री घेऊन आलीस. मी कार्ल्सरूहेला आल्यापासून दर फिंग्स्टनच्या, मे-जूनमधल्या सुट्टीत आपण आयफेलच्या डोंगरातल्या त्या तळ्यावर जात आलो. आधी तू आणि मी. मग तुझ्या कडेवर रेवा. मग चिखलात बसलेली रेवा. मग कानात गाणी घालून बसलेली रेवा. योर्ग आपल्याला गाडीची किल्ली द्यायचा, तिला एक पापा द्यायचा, आणि घरी शांतपणे झोपायचा.

दोरी मात्र आईची. पहिल्या खेपेला आईने तुझ्या बॅगेत मेतकूट, लसणीची चटणी आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची निळी दोरी घातली होती. पोरगी परदेशात ओले कपडे कुठे घालणार, ही तिची काळजी. तुमच्या घरमालकाने हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, दाखवून बाल्कनीत दोरी बांधायला मनाई केली, तेव्हा ती दोरी ताडपत्रीला आली. आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं.

नायलॉन भिजलं की ताणून सैल पडतं, हे तुला माहीत होतं. तू इंजिनिअर होतीस, तुला माझ्याआधी माहीत होतं. संध्याकाळी ढोलासारखी ताणलेली ताडपत्री पाऊस पडला की पहाटेपर्यंत सैल व्हायची, आणि मग तुझी हाक यायची, "अभ्या, ऊठ! दोरी!" दर वर्षी. मी कुडकुडत उठायचो आणि म्हणायचो, "ताई, अगं न ताणणाऱ्या दोऱ्या मिळतात. दुकानात मिळतात. मी आणतो."

"आण की. कोण नको म्हणतंय?"

"मागच्या वर्षी आणली होती. तू कपाटात ठेवून दिलीस."

"चांगली वस्तू जपून ठेवावी."

"मग ही कधी बदलणार?"

"ही तुटली की."

"नायलॉन तुटत नाही, ताई."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तू म्हणायचीस, आणि ताडपत्रीच्या पलीकडे गडप व्हायचीस.

हे भांडण आता माझ्या एकट्याच्या अंगावर पडलं आहे. माझ्याकडे नवे मुद्देही आहेत. ऐकायला कुणी नाही.

मी पोटासाठी यंत्रांच्या वापराच्या सूचना लिहितो. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, काय करू नये. "तुझ्या सूचना वाचून आजवर कुणाला काही जमलंय का रे?" असं तू विचारायचीस. पण तुझ्या सूचना त्याहून कठीण होत्या. 'ओढ', 'थांब' आणि 'अंमळ सोड', एवढ्या तीनच. आधी मधली दोरी, पाइनच्या झाडापासून बर्चच्या झाडापर्यंत. माझं टोक पाइनकडे. मी साधी निरगाठ मारून झाडाला हात लावून उभा राहायचो, आणि पलीकडे बर्चपाशी तू काहीतरी करायचीस की दोरी एकदम तारेसारखी वाजायला लागायची. मग कोपरे. समोरासमोरचे दोन कोपरे एकाच वेळी ताणायचे, तिरके, म्हणजे मध्ये सुरकुती राहत नाही. चारही कोपरे सारखेच ओढत बसलं की कडा ताठ आणि पोट सैल. तुझा कोपरा नेहमी खालचा, जमिनीजवळचा. "पाण्याला जायला वाट ठेवायची," तू म्हणायचीस. तू तिथे ओणवी बसायचीस आणि मी या बाजूला उभा, आणि आपल्या मध्ये ती हिरवी ताडपत्री. मला तू दिसायची नाहीस. फक्त आवाज यायचा.

"ओढ. ओढ. थांब! अंमळ सोड. आणि बुटाची नाडी बांध, पडशील."

मी खाली बघायचो तर नाडी सुटलेली असायची. दर वर्षी. "तुला कसं कळतं?" मी ओरडायचो. तू उत्तर द्यायची नाहीस. मग सगळं झाल्यावर म्हणायचीस, "जा, पाणी घेऊन ये." मी पाणी घेऊन येईपर्यंत माझ्या कोपऱ्यावरची गाठसुद्धा तू सोडून पुन्हा बांधलेली असायची.

इतकी वर्षं मी तुझ्या दोरीचं दुसरं टोक धरून उभा होतो, ताई. तुझ्या टोकाला तू काय करतेस, ते मी कधी पाहिलंच नाही. ती गाठ कुठे शिकलीस, ते विचारलं होतं. एकदा म्हणालीस, ट्रकवाल्यांकडून. एकदा म्हणालीस, इथल्या गिर्यारोहकांच्या क्लबात. एकदा म्हणालीस, तुला काय करायचंय. मी तिसरं उत्तर खरं मानलं आणि पाणी आणायला गेलो.

मार्चमध्ये तू गेलीस. एप्रिलमध्ये योर्गचा फोन आला. तो माझ्याशी नेहमी हळू आणि स्पष्ट बोलतो, म्हणजे मला जर्मन येत नाही असं नाही, त्याची ती रीत आहे. त्याने सांगितलं की उन्हाळ्यात तो रेवाला घेऊन हॅम्बर्गला जातो आहे, त्याच्या आईवडिलांजवळ. एकट्याने चौदा वर्षांची मुलगी आणि नोकरी, दोन्ही झेपत नाही. मी म्हणालो, बरोबर आहे. मग म्हणाला, "रेवा बोलत नाही. माझ्याशीही नाही. फिंग्स्टनला तू तिला तळ्यावर नेशील का? तिला आवडलं तर पुढेही जात जा. तिला नको असेल तर मी जबरदस्ती करणार नाही."

तो चांगला माणूस आहे. त्याने सरळ सांगितलं, आणि मला सरळ कळलं. कार्ल्सरूहेपासून हॅम्बर्ग म्हणजे देशाची जवळजवळ अख्खी लांबी. वाढदिवसाला फोन, नाताळला पार्सल, मग फक्त फोन, मग तो मामा जो कधीतरी फोन करायचा. आईला इंटरनेटवर नात दिसते, पण नात जर्मनमध्ये बोलते आणि आजी मराठीत, आणि दोघी एकमेकींकडे बघून मान डोलावतात. मध्ये तू होतीस. आता मध्ये मी होतो, आणि माझ्याकडे फक्त एक तळं होतं.

आईचं सांगतो. तिने अस्थी मागितल्या. सगळ्या नको म्हणाली, चिमूटभर दे, रामकुंडावर सोडते. मी तिला समजावून सांगितलं की इथे कलश घरी देत नाहीत, तो दफनभूमीतच ठेवावा लागतो, आणि ताईने स्वतः जंगलातलं झाड निवडलं होतं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपलीच मुलगी, आणि कायदा त्यांचा." आणि टॅब्लेट तिच्या मांडीवर पालथा पडला, मला नुसता अंधार दिसत राहिला आणि पंख्याचा आवाज.

त्यानंतर योर्गने मला तळघरातून सामान दिलं. ताडपत्री, मेखांची पिशवी, किटली, आणि ती निळी दोरी. दोरीच्या एका टोकाकडे दोन-तीन हात आत एक गाठ होती. छोटा फास असलेली गाठ, वाळून दगडासारखी झालेली. तुझी. मी ती हातात घेऊन तळघराच्या पायरीवर किती वेळ बसलो, मला माहीत नाही. अस्थी नाहीत. तुझं अक्षर म्हणावं तर तू सगळं फोनवर लिहायचीस. पण ही गाठ तुझ्या बोटांनी आवळली होती, आणि ती अजून आवळलेली होती. मी ठरवलं, एवढा तुकडा कापून आईला नेऊन द्यायचा. नदीत सोडू दे, देव्हाऱ्यात ठेवू दे, तिला हवं ते करू दे.

म्हणून मी तळ्यावर नवी दोरी नेली. न ताणणारी. उत्तम प्रतीची. आणि गाठींचं एक पुस्तक आधी महिनाभर वाचून काढलं. हसू नकोस.

तळ्यावरच्या ऑफिसात तीच बाई होती, टेबलाखाली कुत्रा झोपवणारी. तिने मला ओळखलं, रेवाला ओळखलं, "केवढी उंच झाली!" म्हणाली, आणि जागेचा नंबर देताना आनंदाने विचारलं, "आणि बहीण? मागून येते आहे का?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो, देव जाणे. कदाचित हो म्हणालो असतो.

"ती वारली," रेवा म्हणाली. जर्मनमध्ये हे तीनच शब्दांत होतं, आणि ते फार मोठ्याने ऐकू येतात. आखनपासून तिथपर्यंत गाडीत आणि तिथे मिळून तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द.

बाईने टेबलावरून हात पुढे केला. रेवाने आपले खिशात घातले.

तंबू उभा राहिला, कारण त्याला काठ्या असतात आणि रंग जुळवून त्या घालायच्या असतात. ताडपत्रीला तसं काही नसतं. मी पाइनला निरगाठ मारली आणि दोरी घेऊन बर्चकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाजूला गेलो. पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं, डोळे मिटून सांगितलं असतं. पण चित्रात दोरी सैल असते, ताई. चित्रातली दोरी कुणी ओढत नाही. मी ओढून धरली की गाठ मारायला हात उरत नव्हता, आणि गाठ मारायला गेलो की ओढलेलं सगळं परत जात होतं. शेवटी कशीबशी बांधली, ताडपत्री वर टाकली, आणि चारही कोपरे जीव खाऊन सारखे ओढले. कडा ताठ झाल्या. पोट लोंबलं.

रेवा गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, पाय वर घेऊन. काच बंद.

मी सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं. पुन्हा लोंबलं. समोरासमोरचे कोपरे ताणायचे हे मला माहीत होतं, पण एक माणूस एकाच वेळी समोरासमोर उभा राहू शकत नाही. मी या कोपऱ्याकडून त्या कोपऱ्याकडे धावत होतो. शेजारच्या तंबूतले एक आजोबा बिअर घेऊन बघत होते, आणि मला त्यांची मदत नको होती. मला तू हवी होतीस. मला एवढंच हवं होतं की ताडपत्रीच्या मागून कुणीतरी म्हणावं, थांब. ती पंधरा मिनिटं असतील किंवा तासभर, पण तू गेल्यापासून मी जो काही उभा होतो, त्यातलं सगळं तिथे संपलं. दवाखान्यात मी रडलो नव्हतो. जंगलात रडलो नव्हतो. तिथे, हातात उत्तम प्रतीची दोरी घेऊन, अनोळखी माणसासमोर रडलो.

मग पाऊस आला. आयफेलचा पाऊस तुला माहीत आहे, आधी दम देत नाही. ताडपत्रीचं पोट भरायला लागलं. मी खालून छत्रीने ढोसलं, तर सगळं पाणी एका बाजूने धबधब्यासारखं माझ्या मानेवर आलं आणि बर्चकडची गाठ सुटली. ताडपत्री एका बाजूने चिखलात बसली.

गाडीची काच चार बोटं खाली आली.

"मी पापाला मेसेज केलाय," रेवा म्हणाली. ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये, मी मराठीत. "तो उद्या सकाळी मला न्यायला येऊ शकतो."

"बरं," मी म्हणालो.

"तू चिडलास का?"

"नाही गं."

काच वर गेली. ताई, त्या 'बरं'मध्ये मी तिला सोडून दिलं होतं. हॅम्बर्ग, नाताळची पार्सलं, सगळं मला समोर दिसलं. उद्या सकाळी योर्ग येणार, तुझं सामान त्याच्याबरोबर जाणार, आणि निळी दोरी दुसऱ्या एखाद्या तळघरात पडणार. निदान गाठ तरी राखावी, असं वाटलं. मी तंबूच्या तोंडाशी बसलो, कांदा चिरायची सुरी काढली, तुझ्या सामानातली निळी दोरी मांडीवर घेतली. बोटं इतकी गारठली होती की सुरी नीट धरता येत नव्हती.

गाडीचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं नाही.

"काय करतोयस?"

"आजीसाठी," मी म्हणालो. "ही तुझ्या आईची गाठ आहे. तिच्या हातची. आजीला काहीच मिळालं नाही. तेवढा तुकडा कापून..."

"कापू नकोस!" ती ओरडली. शेजारच्या आजोबांनी मान वळवली. "ती कापायची नसते! सोडायचीही नसते! ती असतेच तिथे!"

"म्हणजे?"

"मी लहान असल्यापासून तीच आहे. ममाने एकदाच बांधली होती." ती पावसात उभी होती, टोपीसुद्धा डोक्यावर घेतली नव्हती. "झाडाला वळसा घालायचा, टोक ह्या भोकातून घ्यायचं आणि उलटं ओढायचं. मग ते धरून ठेवतं. त्यासाठीच आहे ती. तुला हे माहीत नव्हतं?"

"नाही."

"इतकी वर्षं?"

"मी पाइनकडे असायचो ना."

मग तिने हात पुढे केला. मी दोरी दिली नाही. मला देववेना. "रेवा, ओढताना सुटली तर?"

"तर सुटली," ती म्हणाली. आणि खाली बघून, "नाही सुटणार."

तिने माझ्या हातून सुरी घेतली, कांद्याच्या पिशवीत परत ठेवली, आणि दोरी घेऊन बर्चकडे गेली. मी पाइनकडे गेलो. सवयीने गेलो. निरगाठ मारली, झाडाला हात लावून उभा राहिलो. मला बघायचं नव्हतं. खरं सांगतो, मी डोळे मिटून घेतले. गाठ सुटल्याचा काही आवाज होतो का, मला माहीत नव्हतं, पण मी तो ऐकायची वाट बघत होतो. आणि मग माझ्या हाताखालची दोरी सळसळली, ताठ झाली, आणि वाजली.

ताडपत्री वर गेली. मी माझा कोपरा धरला. समोर हिरवी भिंत उभी होती, आणि तिच्या मागून आवाज आला.

"ओढ."

मी ओढलं.

"ओढ. ओढ. थांब! अंमळ सोड."

मराठीत, ताई. तिने मला नंतर सांगितलं की ह्या कामाचे दुसरे शब्दच तिला माहीत नाहीत. अंमळ म्हणजे किती, असं मी विचारलं. तिने दोन बोटांमध्ये अंतर दाखवलं, अगदी मोजून, जणू ते शाळेत शिकवलेलं माप होतं. पण हे नंतर. त्या वेळी मी फक्त अंमळ सोडलं, आणि पोटावरची सुरकुती गेली, आणि साचलेलं पाणी खालच्या कोपऱ्याकडून निघून जायला लागलं.

मग आम्ही दोघं खाली बसलो. चहा केला. पाऊस वर नगाऱ्यासारखा वाजत होता, म्हणजे ताण बरोबर होता. मी विचारलं, "ही गाठ तिला कुणी शिकवली, तुला कधी म्हणाली का?"

रेवाने चहात फुंकर मारली. पहिल्यांदाच तिच्या तोंडाची एक बाजू हलली. "पुस्तकातून शिकली. तुझ्याच घरातून आणलेलं पुस्तक होतं. पण तुला सांगायचं नाही म्हणाली होती."

मी आता इथे थांबतो आणि तुला विचारतो, ताई, का? मला पुस्तकी म्हणायचीस म्हणून? एवढ्यासाठी? मी तुला चिडवलं असतं, फार तर दोन वर्षं चिडवलं असतं. ते चिडवणं माझं राहून गेलं. असलं काय काय तू घेऊन गेली आहेस, आणि ते मला असं एकेक करून कळणार आहे का, दुसऱ्यांच्या तोंडून, उशिरा? मला नको आहे ते. मला हवं आहे ते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सोसत नाही.

त्या संध्याकाळी रेवा फोनवर काहीतरी टाइप करत होती. झोपताना तिने पाठ माझ्याकडे केली आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "पापाला येऊ नको म्हणून कळवलंय." आणि मग, "हॅम्बर्गमध्ये म्हणे सारखाच पाऊस असतो. तिथे तर दोरी रोज ताणावी लागेल. तुला यावं लागेल."

मी हूं म्हणालो.

सकाळी जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि ताडपत्री उतरली होती. नायलॉन. रात्रभर भिजून सैल पडलं होतं. मी पडून राहिलो. मला माहीत होतं की हाक येणार नाही. तरी मी पडून राहिलो, आणि किटली, झाडावरचे थेंब, तळ्यावरची बदकं, सगळं ऐकत राहिलो. 'अभ्या, ऊठ! दोरी!' ते आलं नाही. ते आता कधीच येणार नाही, हे मला मार्चपासून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण ते मला त्या सकाळी कळलं. बरं वाटेल असं लोक म्हणतात. मला बरं वाटत नाही, ताई. तिथे वाटलं नाही, आज हे लिहिताना वाटत नाही. मी उठलो एवढंच.

रेवा आधीच बाहेर होती, केस न विंचरता.

"आज तू ममाच्या कोपऱ्याला जा," ती म्हणाली. "तिकडे गुडघे ओले होतात."

मी आधी बर्चकडे गेलो. तुझ्या गाठीतून गेलेलं टोक धरलं आणि ओढलं. दोरी तुझ्या फासातून सरकली. गाठ जागची हलली नाही. मग मी तुझ्या कोपऱ्याला गेलो, ओल्या गवतात, जिथे तू बसायचीस तिथे ओणवा बसलो. मेखेवरची दोरी हातात घेतली आणि मान वर केली.

तिथून ताडपत्रीच्या खालून पलीकडचं दिसतं. तोंड दिसत नाही, खांदे दिसत नाहीत. ताडपत्रीची कड आड येते. फक्त धरणाऱ्याचे पाय दिसतात, घोट्यापासून खाली, आणि अगदी स्वच्छ दिसतात. तू इतकी वर्षं त्या चिखलात बसून माझ्या पायांकडे बघत होतीस.

पलीकडे दोन चिखलाने भरलेले बूट होते. उजव्याची नाडी लोंबत होती.

"रेवा," मी म्हणालो, "बुटाची नाडी बांध, पडशील."

दोरी क्षणभर सैल झाली. बूट थबकले. मग हिरव्या भिंतीमागून आवाज आला, "तुला कसं कळलं?"

ताई, मी उत्तर दिलं नाही. तूही कधी दिलं नव्हतंस.

"ओढ," मी म्हणालो.